वय एकोणीस टाका

७ एप्रिल

लोक नाशिकहून चिवडा आणतात, आमच्या मोहिनी मॅडम नियम घेऊन आल्या. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं म्हणे, मनोविकाराच्या दवाखान्यात लहान मुलांना जपायचं कसं. परत आल्या त्या थेट काउंटरशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अक्का, आजपासून तुम्ही आपल्या दवाखान्याच्या बालसुरक्षा प्रमुख. मला बिल्ला दिला. नोंदी करायला ही डायरीही दिली. औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली झोपेच्या गोळीचं नाव छापलंय. नोंदी मी रजिस्टरमध्ये करीन, ही घरी आणली. अठरा वर्षं काउंटर सांभाळतेय, मनातलं लिहायला एवढी जागा माझ्या हक्काची आहे.

आता नियम. अठराच्या आतल्या मुलाला मॅडम पंधरा मिनिटं एकट्याने भेटणार, आईबाप बाहेर. दाराला काच आहे तिच्यावर पडदा लावायचा नाही. मुलाच्या कार्डावर फक्त नंबर आणि पहिलं नाव, पत्त्याचा कागद मॅडमच्या कपाटात. आणि काउंटरवर कोणाला गाव, आडनाव, मामकूळ विचारायचं नाही.

हा शेवटचा नियम माझ्यासाठीच बनवलाय हे न कळायला मी काय दूधपिती आहे? तीन प्रश्नांत मी कोणाचंही नातं लावते. एरंडोलपासून शिरपूरपर्यंत कोण कोणाचा साडू, मला तोंडपाठ. फेब्रुवारीत एका पोराच्या आत्याला बाजारात म्हटलं, तुमचा भाचा आता छान दिसतो हं, गोळ्या मानवल्या. आत्याला काही माहीतच नव्हतं. त्यात माझी काय चूक? मी तर चांगलंच बोलले होते.

आणि आमच्याकडे येणारी निम्मी माणसं गाव खोटं सांगतात. मनाच्या डॉक्टरकडे गेलो हे गावात कळायला नको. पारोळ्याचा माणूस बिनदिक्कत भुसावळ सांगतो. पूर्वी मी दोन मिनिटांत पकडायची. आता म्हणे पकडायचं नाही.

घरी बिल्ला दाखवला तर आमचे पितांबरराव चष्मा लावून वाचत बसले. म्हणाले, मुलांना तुझ्यापासून कोण जपणार ते लिहिलेलं दिसत नाही. दालमिलमधून निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या जिभेला दुसरं काम उरलेलं नाही.

१२ एप्रिल

एकेचाळिसावं लग्न जमवलं! डायरीत दवाखान्याचंच लिहिलं पाहिजे असं थोडंच आहे?

माझी मावसबहीण वच्छला, सोनगीरची. तिचा प्रेमराज एकतीसचा झाला. मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, व्यसन नाही, पण पाच वर्षं मुलगी मिळेना. दरवर्षी त्याचे केस मागे सरकत होते आणि वच्छलाच्या अपेक्षा खाली. आधी डी.एड. हवी होती, मग बारावी, मग म्हणाली बाई असली तरी पुरे.

मुलगी एरंडोलकडच्या खेड्यातली, डिंपल नाव. तिचे काका भाईदासभाऊ सगळं बघतात, बाप बिचारा मुकाट माणूस आहे. बायोडाटा पाठवला तो अगदीच गबाळा, वयाची जागा कोरी. मी फोनवर सांगितलं, भाऊ, एकोणीस टाका. अठरा लिहिलं की लोकांना वाटतं काल पूर्ण झाली, वीस लिहिलं की विचारतात इतके दिवस का राहिली. एकोणीसला कोणी काही विचारत नाही. खाली शिवणकाम, रांगोळी, स्वयंपाकाची आवड हे मीच घातलं. ते सगळ्याच मुलींना असतं. मग लग्न जमवायच्या चाळीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

गुडघा धरल्यामुळे मुलगी पाहायच्या कार्यक्रमाला जाता आलं नाही. फोटोत छान आहे. भरजरी साडी, केसांत गजरा, स्टुडिओवाल्याने चेहरा इतका गोरा केलाय की नाक शोधावं लागतं. सुपारी फुटली, अकरा मेची तारीख धरली. मी कोणाकडून काही घेत नाही. एक साडी आणि पत्रिकेत नाव, बस.

१६ एप्रिल

आज नवी मुलगी आली, कार्डावर नंबर सत्तावीस, दिपमाला. सोबत तिची आई नूतन. मुलीला महिनाभर फिट येतात. दात बसतात, हातपाय ताठ होतात. मोठ्या डॉक्टरांकडे मेंदूच्या तपासण्या झाल्या, सगळं व्यवस्थित. त्यांनी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलं. घरी सांगून आल्या की जळगावला सोनं बघायला चाललो. हुशार बाई. जळगावला सोन्यासाठी चाललो म्हटलं की सासूसुद्धा अडवत नाही.

गाव चाळीसगाव सांगितलं. बोलीवरून मला ते पटलं नाही, जीभ नुसती वळवळत होती. पण बिल्ल्याची लाज राखली.

मुलगी अगदी चिमणी. दोन वेण्या, आणि सुट्टी लागायच्या आधीच दहावीचं बीजगणित मांडीवर घेऊन बसलेली. बोटांची नखं कुरतडून पार मांसापर्यंत नेलीत. मी हटकलं तर मुठी मिटल्या. थोड्या वेळाने म्हणाली, पंखा कमी करा ना, पानं उडतात. बेचाळीस तापमानात पंखा कमी! केला बाई.

मग माझा बिल्ला वाचून विचारते, "तुम्ही काय करता?"

म्हटलं, "लक्ष ठेवते."

"कोणावर?"

म्हटलं, तू तुझी गणितं कर.

२३ एप्रिल

सत्तावीस नंबर पुन्हा आली. मॅडम आत तिच्याशी बोलत होत्या तोवर नूतन बाहेर पदराचं टोक पिळत बसलेली. मुलगी आईशिवाय आत काय सांगते हेच तिला कळेना. मी चहा दिला. बाई मोकळी झाली, म्हणाली, घरी पाहुणे आले की पोरीला नेमकी फिट येते.

मी मनात निदान करून टाकलं. अभ्यासाचा ताण नाही आणि काही नाही, शाळेतला एखादा मुलगा असणार. अठरा वर्षांचा अनुभव आहे. मॅडमना शिकायला दहा वर्षं लागली, मला चहाच्या एका कपात कळतं.

जाताना नूतन हळूच म्हणाली, "लगीन व्हयनं का बठ्ठं बरं व्हई जाई, नाही का वो अक्का?" मी मान डोलावली. म्हटलं, लग्न झालं की होईल सगळं बरं, पण अजून पाच-सात वर्षं आहेत, आधी शिकू दे. ती खाली फरशीकडे बघत राहिली. सासूपुढे उभ्या असलेल्या सुनेसारखा चेहरा.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दवाखाना बंद. पुरणपोळी आणि आमरस, दुपारी दोघंही आडवे. लेक पुण्याहून येणार होती, आली नाही, तिला रजा नाही. पूर्वी आखाजीला पोरी झोक्यांवरून उतरत नसत.

संध्याकाळी भाईदासभाऊंनी मोबाईलवर पत्रिका पाठवली. मुहूर्त आखाजीचाच धरणार होते, पण ते म्हणाले, त्या दिवशी सरकारी लोक फार फिरतात, नसती कटकट. माझं नाव 'विशेष सहकार्य' खाली आहे. मोठं करून पाहिलं तेव्हा सापडलं. मंडपवाल्याच्या वर आणि आचाऱ्याच्या खाली. पितांबरराव म्हणाले, बरोबर आहे, आचाऱ्याचं काम जास्त.

३ मे

मॅडमनी आज मला आत बोलावून दार लावलं. सत्तावीस नंबर येऊन गेली होती. पोरीने आज तोंड उघडलं. तिचं लग्न ठरलंय, ह्याच महिन्यात. नववी झालीय, जुलैत सोळा पूर्ण होतील. तिला दहावी करायची आहे. फिटचं सोंग नाही, म्हणाल्या. ज्या पोरीला तोंडाने नाही म्हणता येत नाही, तिचं अंग म्हणतं.

मॅडमनी आईला विचारलं तर ती साफ नाकबूल गेली. रडली, आणि मुलीचा हात धरून निघाली. मॅडमनी लगेच १०९८ ला, मुलांच्या मदत केंद्राला कळवलं, तो कायदाच आहे. मला सांगितलं कारण मी प्रमुख. म्हणाल्या, ह्यातला एक शब्द बाहेर गेला तर पोरीचं आयुष्य जाईल.

मला संताप आला. पंधरा वर्षांची पोर! कसले आईबाप आणि कसले ते स्थळ जमवणारे? असल्या लोकांना उलटं टांगलं पाहिजे. मॅडमना तसं म्हटलंसुद्धा.

५ मे, दुपार

मदत केंद्राचे लोक चाळीसगावला जाऊन आले. त्या पत्त्यावर त्या नावाचं कोणी नाही. मोबाईल बंद. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, अक्का, तुम्हाला सगळा खानदेश माहीत, काही सुचतं का? मुलीने इतकंच सांगितलंय की मुलगा सोनगीरचा, मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा.

म्हटलं, विचारून बघते. सोनगीर हायवेवरचं गाव, अशी दुकानं तीन-चार तरी असतील. विहिरीच्या मोटरी काय कमी जळतात? आणि आपली डिंपल एकोणीसची आहे, हिचं नाव दिपमाला. हे दुसरंच कोणीतरी असणार.

५ मे, संध्याकाळ

डिंपलचा फोटो मोबाईलवर उघडून बघितला. चेहऱ्यावरून काही कळत नाही, पिठाने लिंपल्यासारखा आहे. मग हात बघितले. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी आहे. स्टुडिओवाल्याने तोंड गोरं केलं, पण बोटांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. एकाही बोटाला नख नाही.

भाईदासभाऊंना फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, डिंपलचं शाळेतलं नाव काय हो? दिपमाला, म्हणाले. मी विचारलं, आणि खरं वय? ते हसले.

"अक्का, तुम्हीच त सांगेल व्हतं, एकोणीस टाका म्हनीसन."

मी फोन ठेवला. चहा केला, तो तसाच राहिला.

६ मे

मॅडमनी विचारलं, काही कळलं का? मी म्हटलं, नाही अजून.

अठरा वर्षांत मी बडबड केली, चहाड्या केल्या, पण मॅडमशी खोटं आज पहिल्यांदा बोलले. पाच दिवस राहिलेत. मॅडमच्या टेबलावर कायद्याचं पत्रक पडलं होतं ते वाचलं. लग्न जमवणाऱ्यालाही शिक्षा आहे. चाळीस लग्नं जमवली, त्यातल्या किती पोरी खरंच एकोणीसच्या होत्या, कोणाला ठाऊक? मी एकीचाही दाखला बघितलेला नाही. हे आज लिहितेय, ह्याआधी असा विचार कधी मनात आलाच नाही.

भीती वाटते. तुरुंगाची वाटतेच, पण खरं सांगायचं तर वच्छलाची जास्त वाटते. ती सगळ्या नात्यागोत्यात माझं नाव फिरवेल.

७ मे

उपाय सापडला असं वाटलं होतं. वच्छलाला फक्त एक वाक्य सांगायचं, मुलीला फिट येतात. लग्न जागच्या जागी मोडतं. सरकार नाही, पोलीस नाही, माझं नाव कुठेच नाही. दवाखान्यातली गोष्ट बाहेर गेली तरी ती पोरीच्या भल्यासाठीच. फोन हातात घेतला, वच्छलाचं नावही काढलं.

पितांबरराव शेंगा सोलत होते. त्यांना सगळं सांगितलं होतं मी, न सांगून करते काय. वाटलं होतं, नेहमीसारखी टर उडवतील. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

म्हणाले, "मोडेल ना. मग भाईदास तिला लांब कुठेतरी, फार चौकशी न करणाऱ्या घरात देईल. आणि पुढच्या कागदावर वीस टाकेल."

मी फोन खाली ठेवला. खरंच आहे. फिटवाली पोर म्हणून तिच्यावर जन्माचा शिक्का बसला असता, आणि तो मीच मारला असता. ह्यांच्या शेजारी बसून मी पण शेंगा सोलायला लागले. सोलता सोलता रडले.

८ मे

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. पर्समधून मोबाईल काढला, पत्रिका उघडून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. कोरी जागा, एकोणीस, चाळीस ग्रुप, परवाचं खोटं. मॅडम पत्रिका वाचत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी १०९८ लावून फोन माझ्याकडे दिला.

तिकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची. गाव विचारलं, सांगितलं. मंडप कुठे, घराशी की हॉलमध्ये? शाळेच्या मैदानावर. वराचं नाव, दुकान, आईचं नाव. भराभर लिहून घेत होती. एरवी मी लोकांना विचारते, आज मला कोणीतरी विचारत होतं.

मग म्हणाली, "स्थळ कोणी सुचवलं, माहीत आहे?"

तिला नाव सांगायची सक्ती नव्हती. मॅडमनी मला आधीच तसं सांगितलं होतं.

"मी. कुंदाबाई पितांबर देसले. वयही मीच लिहायला सांगितलं."

ती म्हणाली, देसलेमधला ल साधाच ना, ळ नाही? मी हो म्हटलं.

१२ मे

लग्न झालं नाही.

नऊ तारखेला ग्रामसेवक, दोन पोलीस आणि बालसंरक्षण कक्षातल्या बाई गेल्या. शाळेचा दाखला काढला, पंधरा वर्षं नऊ महिने. बापाने हमीपत्र लिहून दिलं, अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही. म्हणे मुकाट बाप एवढंच बोलला की मला कोणी विचारलंच नव्हतं. भाईदासभाऊ भांडले, पण सही त्यांनाही करावी लागली. पोरीला बालकल्याण समितीपुढे नेलं, तिने सगळं नीट सांगितलं. मलाही जबाबाला बोलावलं. मॅडम सोबत आल्या, पितांबररावही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्यावर गुन्हा होणार की समज देऊन सोडणार, अजून ठरलेलं नाही.

वच्छलाचा फोन आला. काय काय बोलली ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, तू मेलीस आमच्यासाठी. चाळीसपैकी छत्तीस ग्रुपमधून मला काढलं. उरलेल्या चारांचे ॲडमिन आळशी आहेत.

मॅडमनी बिल्ला परत घेतला. मुलं येतील त्या दिवशी काउंटरवर दुसऱ्या बाई बसतील, मी आत फाइली लावायच्या, समितीचा निर्णय येईपर्यंत. बरोबरच केलं त्यांनी. तरी वाईट वाटलं, खूपच वाटलं. घरी येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, आजी, बरं वाटतंय ना?

२८ मे

समितीने उपचार चालू ठेवायला सांगितलेत, म्हणून नूतन मुलीला घेऊन आली. ह्या वेळी गावाचं नाव खरं सांगितलं. मी फाइलींच्या खोलीत होते, बाहेर जायचं नव्हतं. दार उघडंच होतं. मुलगी पाणी प्यायला आली आणि उंबऱ्यात थांबली. लग्न थांबल्यापासून तिला एकदाही फिट आलेली नाही, हे मला मॅडमनी नाही सांगितलं, नूतन बाहेर मोठ्याने बोलत होती.

मला वाटलं, पोर आता आभार मानेल. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. मी पदरही सारखा केला.

ती म्हणाली, "माझा तो फोटो काढून टाका."

मी तिथल्या तिथे माझ्या मोबाईलमधून काढून दाखवला. तिने मान हलवली. म्हणाली, तुमच्यातला नाही, सगळ्यांच्यातला. शेजारच्या गावाहून रोज कोणी ना कोणी विचारायला येतं. शाळेतल्या मुलींकडेसुद्धा पोचलाय. मी म्हटलं, बाळा, तो आता मला काढता येत नाही. ती पाणी प्यायली, पेला पालथा घालून ठेवला आणि गेली.

१७ जून

तो कागद फिरतोच आहे. त्याच्यावर माझा नंबर आहे, तेवढं एक बरं झालं. नंदुरबार, मालेगाव, इंदूर, कुठून कुठून फोन येतात. पहिले काही दिवस मी उचलत नव्हते. आता प्रत्येक फोन उचलते. सांगते, वय खोटं आहे, ते खोटं मी लिहायला लावलं, मुलगी पंधराची आहे, फोटो पुसा आणि ज्यांना पाठवला त्यांनाही सांगा. काही जण शिव्या देतात. एकजण म्हणाला, मग तीन वर्षं थांबतो. त्याला मी अस्सल खानदेशी ऐकवलं. पितांबररावांनी वहीत रेघा मारायला घेतल्यात, कालपर्यंत त्रेसष्ट झाल्या.

काल शाळा सुरू झाल्या. आज सकाळी कुकर लावत होते तेव्हा सुरतेहून फोन आला. माणूस गोड बोलणारा होता. मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, डिंपलचा फोटो सगळ्यांना पसंत आहे. मुलीशी दोन शब्द बोलता येतील का, म्हणाला.

म्हटलं, नाही. ती शाळेत गेली आहे.